अवांतर विज्ञानवाचनातून ‘विज्ञान चालते कसे’ हे शिकवता येईल का?

रंकाळाकाठ

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. गेल्या जूनपासून नववीच्या एका तुकडीला आठवड्यातून एक तास अवांतर विज्ञानवाचनासाठी मिळाला आहे. पाठ्यपुस्तकात विज्ञानाची उत्तरे असतात, पण ती उत्तरे माणसांनी कशी शोधली, किती वेळा चुकली, कोणाशी वाद घातला आणि अखेरीस कशामुळे पटवून घेतली, हे बहुधा नसते. विज्ञान लोकप्रिय करणाऱ्या पुस्तकांत ते असते, म्हणून ती पुस्तके मुलांच्या हाती दिली की विज्ञानाचे स्वरूप त्यांना आपोआप उमगेल, अशी माझी समजूत होती.

सहामाहीनंतर मी मुलांना एकच प्रश्न लिहायला दिला: ‘एखादी गोष्ट वैज्ञानिकदृष्ट्या खरी आहे, असे आपण केव्हा म्हणतो?’ बहुतेकांनी ‘शास्त्रज्ञांनी प्रयोगाने सिद्ध केल्यावर’ असे लिहिले. जूनमध्येही याच मुलांनी हेच लिहिले होते. मधल्या काळात त्यांनी कृष्णविवरे, डायनासोर, मेंदू आणि जीवाणू यांच्याविषयी पुष्कळ वाचले होते, त्यांची माहिती खरोखरच वाढली होती, आणि वर्गात ती हिरिरीने बोलतही होती. परंतु पाठ्यपुस्तकाकडे ज्या नजरेने ती पाहत होती, त्याच नजरेने त्यांनी ही पुस्तकेही वाचली होती. पुस्तक बदलले तरी नजर तीच राहिली, ही माझी चूक होती, मुलांची नव्हे.

दिवाळीनंतर मी पद्धत बदलली. आता पुस्तक मी स्वतः मोठ्याने वाचते आणि उत्तर येण्याच्या नेमके आधी ते मिटते. पहिला प्रयोग डार्विनच्या गांडुळांवरील पुस्तकातील मजकुरावर केला. हे पुस्तक १८८१ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झाले. गांडुळांना ऐकू येते का, हा त्यातला एक साधा प्रश्न आहे. डार्विनच्या घरच्यांनी गांडुळांच्या कुंड्यांजवळ शिट्टी वाजवली, ‘बसून’ (bassoon) नावाचे सुषिरवाद्य वाजवले, आरडाओरडा केला, पियानो वाजवला, तरी गांडुळे हलली नाहीत. पुढे त्याच कुंड्या पियानोवर ठेवल्या. इथे मी पुस्तक मिटले आणि विचारले, ‘कुंडी पियानोवर ठेवण्याची कल्पना त्यांना का सुचली असेल? आता काय होईल? आणि जे होईल त्यावरून आपण काय म्हणू शकू, काय म्हणू शकणार नाही?’

त्या तासाला वर्गात जी चर्चा झाली, तशी मी गेल्या कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. गांडुळे दचकली तर ती ऐकतात असे सिद्ध होईल, असे एक मुलगा म्हणाला. त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, ‘नाही, कुंडी हादरली म्हणून ती दचकली असतील, आणि म्हणूनच आधी कुंडी लांब ठेवून बघितले असणार.’ ऐकणे आणि हादरा जाणवणे यांत भेद करण्यासाठी दोन वेगळ्या मांडण्या लागतात, हे तिने पुस्तकाच्या आधी सांगितले. त्यानंतर मी पुढचे वाचले: स्वर वाजताच गांडुळे बिळात शिरली. उत्तर ऐकून वर्गात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण उत्तराहून मोठी गोष्ट त्यांना आधीच मिळाली होती.

माझे प्रश्न असे आहेत. हा मार्ग इतर कोणी वापरला आहे का? कोणत्या पुस्तकांतील कोणते प्रसंग यासाठी उपयोगी पडतील? शिवाय कोल्हापूरच्या मुलांना स्वतः पडताळता येईल असे काही या वाचनाला जोडता येईल का? केवळ परदेशातील जुन्या गोष्टी वाचत राहिलो, तर विज्ञान म्हणजे दुसऱ्यांनी पूर्वी केलेले काहीतरी, अशी नवीच समजूत निर्माण होईल, अशी मला भीती वाटते.

ताराबाई_पार्क

मॅडम, आपला धागा वाचून फार समाधान वाटले. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. पुस्तकांकडे वळण्यापूर्वी मराठी शब्दांचा एक मुद्दा मांडतो, कारण मुलांच्या ज्या उत्तराने आपण अस्वस्थ झालात, त्याचे मूळ बऱ्याच अंशी आपल्या परिभाषेत आहे, असे माझे मत आहे.

‘सिद्धांत’ या शब्दाच्या पोटात ‘सिद्ध’ही आहे आणि ‘अंत’ही आहे. तेव्हा सिद्धांत म्हणजे जे सिद्ध झाले आणि जिथे चौकशी संपली, असे मुलाला वाटले तर त्यात नवल नाही. दुसरीकडे त्याच अर्थाने आपण ‘वाद’ हा शब्द वापरतो: उत्क्रांतिवाद, सापेक्षतावाद. हे शब्द समाजवाद आणि साम्यवाद यांच्या रांगेत जाऊन बसतात, आणि ऐकणाऱ्याला वाटते की हे कोणाचे तरी मत आहे, ज्यावर अजून भांडण मिटलेले नाही. म्हणजे एकाच प्रकारच्या ज्ञानाला आपण एकदा अंतिम ठरवतो आणि एकदा निव्वळ मत ठरवतो. प्रत्यक्षात उत्क्रांतीचा सिद्धांत आणि अणूचा सिद्धांत हे दोन्ही असंख्य निरीक्षणांचा उलगडा करणारे, पुन्हा पुन्हा पारखले गेलेले आणि तरीही नव्या पुराव्यासाठी दार उघडे ठेवणारे स्पष्टीकरण आहेत.

‘गृहीतक’ या शब्दाची अडचण तर याहून मोठी आहे. भूमितीच्या तासाला युक्लिडची गृहीतके शिकवताना आपण सांगतो की ही सिद्ध करायची नसतात, ती मानून पुढे जायचे असते. पुढच्याच तासाला विज्ञानात गृहीतक म्हणजे तपासून पाहण्यासाठी मांडलेला तर्क असतो. तोच मुलगा, तीच शाळा, तोच शब्द, आणि अर्थ जवळजवळ विरुद्ध. संशोधनपद्धतीच्या पुस्तकांत ‘परिकल्पना’ हा शब्द रुळला आहे, तो शाळेतही वापरावा असे मी सुचवीन. तो जड वाटत असेल तर सरळ ‘तपासण्याजोगा अंदाज’ म्हणावे.

‘नियम’ हा शब्दही वाहतुकीच्या नियमांसारखा ऐकू येतो, जणू वायू बॉईलची आज्ञा पाळतात. बॉईलने १६६२ मध्ये मांडलेला नियम हे दाब आणि आकारमान यांच्या संबंधाचे वर्णन आहे, आणि तो संबंध तसा का आहे हे वायूच्या रेणूंचा गतिसिद्धांत सांगतो. नियम मोठा होऊन सिद्धांत बनत नाही, किंवा सिद्धांत पक्का होऊन नियमही बनत नाही. दोघांची कामेच वेगळी आहेत. खूप दाब दिला तर खरे वायू बॉईलच्या नियमापासून ढळतात, आणि त्याबद्दल त्यांना कोणी दंड करत नाही, हे मी वर्गात आवर्जून सांगत असे.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. कोल्हापुरात पडताळून पाहण्यासारखी गोष्ट आपल्या दाराशीच आहे: अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव. परंपरेने तो ९, १० आणि ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मानला जातो. मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात, गाभाऱ्यात पोचतात, आणि पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी वक्षस्थळ आणि तिसऱ्या दिवशी मुख उजळते, अशी अपेक्षा असते. प्रत्येक कोल्हापूरकर मुलाने हे ऐकलेले असते. परंतु याच तारखा का, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो.

खगोलशास्त्रावरील कोणत्याही चांगल्या पुस्तकातले ऋतूंचे प्रकरण घ्यावे आणि आपल्या पद्धतीने, उत्तराआधी मिटावे. मुलांना दिनदर्शिका द्यावी आणि १० नोव्हेंबरपासून २१ किंवा २२ डिसेंबरपर्यंतचे दिवस मोजायला सांगावे. ते ४१ किंवा ४२ भरतात. मग तिथून १ फेब्रुवारीपर्यंतचे मोजायला सांगावे. तेही तितकेच भरतात. दक्षिणेकडे जाणारा सूर्य ज्या ठिकाणी मावळतो, त्याच ठिकाणी परत येताना पुन्हा मावळतो, हे मूल स्वतः शोधून काढते. कोल्हापूरच्या अक्षांशावर या दोन्ही वेळी सूर्यास्ताचा बिंदू नेमक्या पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेला असतो, आणि तो रोज साधारण पाव अंशाच्या आसपास सरकतो. सूर्यबिंबाची रुंदी अर्धा अंश आहे. एका अरुंद वाटेने येणारा प्रकाश दोनतीन दिवसच का टिकतो, हे या दोन आकड्यांवरून कळते.

याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. काही वर्षी किरण मुखापर्यंत पोचत नाहीत, कमरेपर्यंत येऊन क्षीण होतात. अशा वेळी गणित चुकले का? हवेतील बाष्प व धूळ, क्षितिजावरचे ढग, किरणांच्या वाटेत आलेली बांधकामे यांची चर्चा शहरात दरवर्षी होते. अपेक्षा आणि निरीक्षण जुळले नाही की मूळ सिद्धांत टाकायचा, की मधल्या अडथळ्यांचा शोध घ्यायचा, आणि ते अडथळे खरेच आहेत हे स्वतंत्रपणे कसे तपासायचे, हा विज्ञानाच्या स्वरूपातला सर्वांत नाजूक प्रश्न आहे. श्रद्धेला कुठेही धक्का न लावता तो आपल्या मुलांना त्यांच्याच गावात विचारता येतो. ज्यांनी हे मंदिर बांधले, त्यांनी सूर्याचे किती चिकाटीने निरीक्षण केले असेल, याबद्दलचा आदर यातून वाढतोच.

वाचक_शिरोळ

दोन्ही लेखन आवडले, तरी एक शंका मांडतो. दहावीला अभ्यासक्रम पुरा करण्याचीच ओढाताण असते. शिवाय पुस्तक अर्ध्यावर मिटून चर्चा करायची तर शिक्षकाला त्या प्रसंगाची पुरी माहिती हवी, आणि ती प्रत्येक शिक्षकाकडे असेलच असे नाही. माझी मुलगी ज्या गावात शिकते, तिथल्या शाळेत विज्ञान आणि गणित एकच सर शिकवतात आणि शाळेचे कपाट बहुतेक वेळ बंदच असते. शहरातल्या एका उत्साही शिक्षिकेला जे जमते, ते सर्वांना जमेल असे गृहीत धरू नये.

रंकाळाकाठ

दादा, आपली शंका रास्त आहे. दहावीला मी हे करत नाही, नववीलाच करते, आणि महिन्यातून दोनच प्रसंग घेते. एका प्रसंगाला दोन पानांहून अधिक मजकूर लागत नाही, त्यामुळे कपाटभर पुस्तकांची गरज नसते. शिक्षकाला सारे माहीत असले पाहिजे, असे मात्र मला वाटत नाही. मुलांनी विचारलेल्या निम्म्या प्रश्नांना मी ‘मला ठाऊक नाही, आपण शोधू’ असेच उत्तर देते. सुरुवातीला हे म्हणताना संकोच वाटे, आता वाटत नाही.

ताराबाई पार्कच्या सरांनी शब्दांविषयी जे लिहिले, ते वाचून मी दुसऱ्याच दिवशी फळ्यावर ‘वाद’, ‘सिद्धांत’, ‘नियम’ आणि ‘गृहीतक’ हे चार शब्द लिहून मुलांना अर्थ विचारले. ‘उत्क्रांतिवाद म्हणजे उत्क्रांतीवरून झालेले भांडण’ असे तिघांनी लिहिले होते. सर, हे मला वीस वर्षांपूर्वी कळायला हवे होते.

वैद्यकी_राजारामपुरी

मी डॉक्टर आहे आणि लोकप्रिय विज्ञानपुस्तकांचा जुना वाचक आहे. मॅडमच्या पद्धतीचे मला कौतुक वाटते, तरी एक सावधगिरी सुचवतो. ही पुस्तके कथा सांगतात, आणि कथेला नायक लागतो. नायक उभा करताना विज्ञानाचे स्वरूप झाकले जाते, कधी कधी उलटेच शिकवले जाते.

माझ्या क्षेत्रातले उदाहरण देतो. जठरातील व्रणाला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू कारणीभूत असतो, हे ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिले, आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कोणी विश्वास ठेवत नाही म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जीवाणू स्वतःच पिऊन टाकला, त्यांना व्रण झाला, आणि जगाला पटले, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. प्रत्यक्षात त्यांना व्रण झाला नव्हता, जठराच्या अस्तराचा दाह झाला होता. निरोगी जठरात हा जीवाणू दाह निर्माण करू शकतो एवढेच त्या धाडसातून दिसले, आणि तेही एकाच माणसात. व्रणाशी असलेला त्याचा संबंध मान्य व्हायला पुढे अनेक वर्षे, अनेक देशांतल्या रुग्णांवरच्या नियंत्रित चाचण्या लागल्या. जीवाणू नष्ट केला तर व्रण पुन्हा उद्भवत नाही, हे त्या चाचण्यांनी दाखवले. कथेत पेला राहतो आणि चाचण्या गळतात. मूल काय शिकते? विज्ञान म्हणजे एका शूर माणसाचे एक कृत्य.

बाळंतज्वराचे कारण शोधणारा डॉक्टर सेमेलवाइस याचेही तसेच आहे. व्हिएन्नाच्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुईणी. पहिल्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रिया दुसऱ्यापेक्षा कितीतरी अधिक होत्या. सेमेलवाइसने गर्दी, हवा, बाळंतिणीची निजण्याची पद्धत, इतकेच नव्हे तर वॉर्डातून घंटा वाजवत जाणारा धर्मगुरू, अशी एकेक शक्यता तपासून बाजूला काढली. १८४७ मध्ये त्याचा सहकारी कोलेत्श्का शवविच्छेदनाच्या वेळी सुरीची जखम होऊन मरण पावला, आणि त्याची लक्षणे बाळंतिणींसारखीच होती. तेव्हा शवांवरून हातांनी येणाऱ्या काही पदार्थाचा तर्क त्याने केला आणि क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले. मृत्यू झपाट्याने घटले. मॅडम, या प्रसंगात पुस्तक मिटण्याच्या चार जागा आहेत. घंटा वाजवणाऱ्या धर्मगुरूची जागा तर मुलांना फारच आवडेल, कारण ती शक्यता तपासण्यासाठी त्याला दुसऱ्या वाटेने, घंटा न वाजवता जायला सांगितले गेले, म्हणजे हसण्यासारखी वाटणारी शक्यताही तपासूनच टाकली गेली.

तथापि पुढची गोष्ट, की एका महापुरुषाला मूर्ख जगाने छळले, ती तेवढीच सांगू नये. सेमेलवाइसने आपले पुस्तक १८६१ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी प्रसिद्ध केले. जंतूंची कल्पना तेव्हा प्रस्थापित नसल्यामुळे त्या ‘काही पदार्था’चे स्वरूप त्याला सांगता येत नव्हते. विरोधकांत हट्टी माणसे होती, पण ‘हे घडते कसे?’ असे विचारणारे सारेच हट्टी नव्हते. पुरावा जवळ असून चालत नाही, तो इतरांना पारखता येईल असा मांडावा लागतो, हेही विज्ञानाच्या स्वरूपातच येते.

करवीर_ग्रंथ

मी एका वाचनालयात काम करते. कोल्हापूर वाचनालयांच्या बाबतीत भाग्यवान आहे, करवीर नगर वाचन मंदिराची सुरुवात तर १८५० सालची. माझी सूचना जुन्या पुस्तकांविषयी आहे. माहिती जुनी झाली म्हणून विज्ञानाची पुस्तके रद्दीत काढली जातात. मॅडमच्या कामासाठी मात्र तीच सोन्याची आहेत.

२००६ पूर्वी छापलेले ग्रहांवरील मराठी पुस्तक आणि त्यानंतरचे, अशी दोन पुस्तके मुलांपुढे शेजारी ठेवा. एकात नऊ ग्रह आहेत, एकात आठ. ‘प्लूटो कुठे गेला?’ हा पहिला प्रश्न येतो. प्लूटो कुठेही गेला नाही, तो आपल्या कक्षेतच फिरतो आहे. त्याच्या आसपास तसेच अनेक गोल सापडू लागले, तेव्हा ‘ग्रह’ कशाला म्हणायचे याची व्याख्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ठरवली आणि प्लूटो बटुग्रह झाला. निसर्गाचे निरीक्षण कोणते आणि माणसांनी सोयीसाठी केलेले वर्गीकरण कोणते, हा भेद या एका उदाहरणातून स्पष्ट होतो. आमच्या बालविभागात मी हे करून पाहिले. ‘मग जुने पुस्तक खोटे होते का?’ असे एका मुलीने विचारले, आणि त्यावर मुलांनी आपापसात जो ऊहापोह केला तो मी लिहून ठेवायला हवा होता.

भूगर्भशास्त्रातही असेच करता येईल. खंड जागचे सरकतात, ही खंडांच्या वहनाची कल्पना जर्मन शास्त्रज्ञ वेगेनरने १९१२ मध्ये मांडली. किनाऱ्यांचे आकार, जीवाश्म, खडक यांचा पुरावा त्याच्याजवळ होता, पण एवढे प्रचंड खंड सरकतात कशाने, याचे समाधानकारक उत्तर नव्हते. १९३० मध्ये ग्रीनलंडमध्ये तो मरण पावला. १९६०च्या दशकात सागरतळाच्या अभ्यासातून नवा पुरावा आला आणि चित्र पालटले. १९५०च्या सुमाराचे भूगोलाचे पुस्तक आणि १९८०चे पुस्तक यांत मधे काय घडले, हे शोधण्याचा खेळ मोठ्या मुलांना देता येईल. वाचून झाल्यावर त्यांना पन्हाळ्यावर न्यावे. वर जांभा आणि खाली काळा बेसाल्ट, हे थर डोळ्यांनी दिसतात, आणि ‘दिसले काय’ व ‘त्यावरून मानले काय’ हे दोन रकाने वहीत पाडून भरायला लावता येतात.

नवा_विद्यार्थी

मी विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जयंत नारळीकर सरांचा जन्म आपल्या कोल्हापुरातला, १९३८ सालचा. शाळेत असताना मी त्यांची मराठी पुस्तके वाचूनच विज्ञानाकडे वळलो. पुढे महाविद्यालयात कळले की विश्वाच्या उत्पत्तीविषयी त्यांनी फ्रेड हॉईल यांच्याबरोबर ज्या स्थिर स्थिती सिद्धांताचा पाठपुरावा केला, तो बहुसंख्य शास्त्रज्ञांनी सोडून दिला आहे. मला तेव्हा फार वाईट वाटले होते. मुलांनी ‘सर चुकले का?’ असे विचारले तर त्यांना काय सांगावे? हा भाग टाळावा का?

ताराबाई_पार्क

बाळ, हा भाग मुळीच टाळू नये. माझ्या मते विज्ञानाचे स्वरूप शिकवण्यासाठी कोल्हापूरला लाभलेले हे सर्वांत मोलाचे उदाहरण आहे.

विश्व प्रसरण पावते हे दोन्ही बाजूंना मान्य होते. प्रश्न असा होता की पूर्वी ते अतिशय दाट आणि तप्त होते (हे महास्फोटाचे चित्र), की प्रसरण होत असताना नवे द्रव्य निर्माण होऊन त्याची सरासरी घनता कायम राहते (ही स्थिर स्थिती). स्थिर स्थितीची कल्पना १९४८ मध्ये मांडली गेली, आणि तिचा मोठा गुण हा की ती तपासता येत होती. विश्व सदैव सारखेच असेल, तर दूरचे, म्हणजेच पूर्वीचे विश्वही आजच्यासारखेच दिसले पाहिजे. रेडिओ स्रोतांच्या, म्हणजे रेडिओ लहरी सोडणाऱ्या दूरच्या खगोलांच्या, मोजणीत ते तसे दिसेना. पुढे पेन्झियस आणि विल्सन यांना सर्व दिशांनी येणाऱ्या मंद सूक्ष्मलहरी, म्हणजे सूक्ष्मलहरींची पार्श्वभूमी, सापडली, आणि १९६५ मध्ये ती जाहीर झाली. महास्फोटाच्या चित्रात ती सहज बसत होती. बहुसंख्यांनी बाजू बदलली ती कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर या निरीक्षणांमुळे.

नारळीकरांनी मात्र प्रश्न सोडला नाही. १९९३ मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी सुधारित, अर्ध-स्थिर स्थितीचे प्रारूप मांडले आणि त्या पार्श्वभूमीचे पर्यायी स्पष्टीकरण देण्याचा प्रयत्न केला. ते बहुसंख्यांना पटले नाही. परंतु त्यांचा मतभेद कसा होता ते पाहा: गणित मांडून, शोधनियतकालिकात छापून, आपले प्रारूप कोणत्या निरीक्षणाने अडचणीत येईल हे सांगून. बहुमताविरुद्ध बोलणारा प्रत्येक जण वैज्ञानिक नसतो आणि बहुमताविरुद्ध बोलल्याने कोणी अवैज्ञानिकही ठरत नाही. कसोटीला उभे राहण्याची तयारी आहे की नाही, एवढेच पाहायचे असते.

त्याच नारळीकरांनी महाराष्ट्रात फलज्योतिषाची चाचणी घेतली, तीही मुलांना वाचून दाखवावी. १०० हुशार विद्यार्थ्यांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मकुंडल्या जमवून त्या मिसळल्या गेल्या. ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या देऊन कोणती कुंडली कोणत्या गटातली, हे ओळखण्यास सांगण्यात आले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. इथे पुस्तक मिटावे आणि विचारावे: ‘नाणे उडवून उत्तरे दिली तर किती बरोबर येतील? कुंडल्या वाटणाऱ्यालाही गट ठाऊक नसावा, असे का?’ मग सांगावे की बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के आले. हा अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या माणसाने स्वतःचा आवडता सिद्धांत निरीक्षणांच्या कसोटीला लावला, त्यानेच दुसऱ्यांच्या दाव्यालाही तीच कसोटी लावली, हे मुलांच्या लक्षात येईल, आणि ‘सर चुकले का’ या प्रश्नाचे रूपच बदलेल.

वैद्यकी_राजारामपुरी

सरांच्या शेवटच्या उदाहरणाला एक जोड देतो. लेखक स्वतः शास्त्रज्ञ असला तरी त्याची कथा एकाच बाजूची असू शकते. जेम्स वॉटसन यांनी १९६८ मध्ये डीएनएच्या रचनेच्या शोधाची आपली कहाणी लिहिली. ती अतिशय वाचनीय आहे, शास्त्रज्ञांमधली चढाओढ, चुका आणि घाई ती लपवत नाही. पण क्ष-किरणांनी डीएनएचा अभ्यास करणाऱ्या रोझलिंड फ्रँकलिन यांचे तिच्यातले चित्र अन्यायकारक आहे. त्यांच्या प्रयोगशाळेतील क्ष-किरण छायाचित्र त्यांच्या नकळत वॉटसनना दाखवले गेले होते, आणि १९५८ मध्येच त्यांचे निधन झाल्यामुळे उत्तर द्यायला त्या हयात नव्हत्या. दहावीनंतरच्या मुलांना हा प्रसंग दोन वेगवेगळ्या पुस्तकांतून वाचायला द्यावा. विज्ञानात माणसे असतात आणि माणसांत श्रेय, मत्सर, पूर्वग्रह असतात, हे कळल्याने विज्ञानावरचा विश्वास कमी होईल अशी काहींना भीती वाटते. मला उलट वाटते. अशी माणसे असूनही डीएनएची रचना बरोबर निघाली, ती का, हा प्रश्न मग खरा सुरू होतो.

वाचक_शिरोळ

वर मी शंका घेतली होती, म्हणून आता जे घडले तेही लिहिणे मला भाग आहे. मॅडमनी पहिल्या लेखनात दिलेला गांडुळांचा प्रसंग मी रात्री मुलीला वाचून दाखवला, आणि पियानोच्या जागी थांबलो. त्याच पुस्तकातला खडूचा प्रयोगही माझ्या आठवणीत होता, तोही सांगितला: डार्विनने १८४२ मध्ये शेतात खडूचे तुकडे पसरले, आणि २९ वर्षांनी, १८७१ मध्ये, तिथे चर खणून पाहिले. खडू कुठे सापडला असेल, असे विचारले. ती म्हणाली, ‘वाहून गेला असेल, नाहीतर गाडला गेला असेल. पण गाडला गेला तर कोणी गाडला?’ तो सात इंच खाली, सलग पांढऱ्या रेषेसारखा सापडला, हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती. एका उत्तरासाठी माणूस २९ वर्षे थांबला, याचेच तिला नवल वाटले.

आमचा दीड एकर ऊस आहे. गेल्या महिन्यात एक विक्रेता जमिनीत सोडण्याचे द्रवरूप औषध घेऊन आला होता. गांडुळे वाढतात, उतारा वाढतो, शेजारच्या गावात सर्वांनी वापरले, असे त्याचे म्हणणे होते. मी घेण्याच्या विचारात होतो. मुलगी म्हणाली, ‘बाबा, सगळ्या शेताला घातले तर आपल्याला कळणार कसे? ऊस चांगला आला तर तो पावसाने आला की औषधाने?’ ती नववीत नाही, सातवीत आहे.

आता असे ठरले आहे की बारा सऱ्यांपैकी सहा सऱ्यांना औषध घालायचे आणि सहा सोडायच्या, बाकी खत-पाणी सारखेच ठेवायचे, आणि तोडणीच्या वेळी दोन्हींचे वजन वेगळे करायचे. मॅडम, पाटाजवळच्या सहा सऱ्यांना घालावे असे माझ्या मनात आहे, ते सोयीचे पडते. यात काही चूक आहे का?

रंकाळाकाठ

दादा, पाटाजवळच्या सऱ्यांना पाणी आधी आणि अधिक मिळत असेल, तर ऊस पाण्याने वाढला की औषधाने, हा प्रश्न पुन्हा तसाच उरेल. शक्य असल्यास बारा सऱ्यांना आकडे द्या, बारा चिठ्ठ्या करा, आणि ज्या सहा निघतील त्यांनाच औषध घाला. चिठ्ठ्या मुलीला उचलू द्या. आणि तोडणीच्या दिवशी वजन करणाऱ्याला कोणत्या सऱ्या कोणत्या, हे सांगू नका. आपली हरकत नसेल तर हा आराखडा मी माझ्या वर्गात वाचून दाखवीन, आणि निकालाच्या जागी पुस्तक मिटल्यासारखे थांबेन.

वाचक_शिरोळ

हरकत नाही. चिठ्ठ्या काल रात्री काढल्या: २, ३, ७, ८, ११ आणि १२ या सऱ्या निघाल्या. यातल्या दोन पाटाला लागून आहेत आणि दोन अगदी पलीकडच्या बांधाला. मुलीने वहीत बारा रकाने पाडले आहेत आणि प्रत्येक सरीतल्या फुटव्यांची संख्या ती दर रविवारी लिहिणार आहे. आडसाली ऊस आहे, तोडणी पुढच्या हंगामात होईल, तेव्हा आकडे याच धाग्यावर लिहितो.